एक जूनची माणसं

गजेंद्र काय काम करतो, असं गावात कोणी विचारलं की त्याचे वडील जानराव तोंड वाकडं करून सांगत, "मोडतो. लोकं बनवतात अन् हा मोडतो. त्याचा पगार भेटते त्याले." ऐकणारे हसायचे. गजेंद्रही हसायचा, कारण बाप काही खोटं सांगत नव्हता. तो अकोल्याच्या एका लहानशा कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, तो कुठं कुठं तोंडघशी पडतो ते शोधायचं, लिहून द्यायचं, आणि दुरुस्त होऊन आला की पुन्हा पाडून पाहायचा. मूर्तिजापूरपासून आत असलेल्या त्या काळ्या मातीच्या गावात पेरणं आणि काढणं एवढ्यालाच काम म्हणतात. तिथं हे पाडापाडीचं काम कोणाच्या पचनी पडावं?

पण पोराचा पिंडच तसा. लहानपणी बापानं विहिरीवर नवी मोटार बसवली, नारळ फोडला, सगळे खूश, आणि हा एवढासा जीव कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पन विहीर आटली अन् मोटार चालूच राहिली तं? जळंल नं." शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, त्यातली गत! त्याच्या आईनं, पार्वताबाईनं कपाळावर हात मारला. "माय वं, या पोराच्या तोंडात देवानं दाताच्या आधी 'पन' घातला."

त्याला खरं वाढवलं ते बहिणीनं. साधना त्याच्याहून मोठी. मायबाप वावरात गेले की हा तिच्या कडेवर. तिची शाळा बुडाली ती याच्यापायी, आणि तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. पुढं तिचं लग्न झालं, हा अमरावतीला इंजिनिअरिंग शिकला, आणि शिकून घरी येऊन बसला, कारण नोकरी काही लागेना. तेव्हा साधनानं नवऱ्याजवळ शब्द टाकला. सासरी तिनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते भावासाठी, आणि तेवढंच.

तिचा नवरा मनोज मूळ अमरावतीचा. पुण्यात बरीच वर्षं काम करून परत आला होता आणि अकोल्यात, जठारपेठेत, खाली घर आणि वरच्या मजल्यावर ऑफिस असं त्यानं थाटलं होतं. हाताखाली पाच-सहा पोरंपोरी. आता मनोजबद्दल कोणी वाकडा विचार करू नका. माणूस हुशार होता आणि कामाला शिस्त होती. कोणी काय बदललं, कशासाठी बदललं, याची नोंद ठेवल्याशिवाय त्याच्याकडे प्रोग्रामचं पान हलत नसे. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढं जात नसे. आणि टेस्टरनं 'हो' म्हटल्याशिवाय काहीही गिऱ्हाइकाच्या दारात जाणार नाही, हा तर नियमच. गजेंद्रला कामावर घेताना तो म्हणाला होता, "माझं लिहिलेलंसुद्धा सोडायचं नाही बरं का, गजू. ऑफिसात मी तुझा भाऊजी नाही."

म्हणणं सोपं असतं हो! आमच्याकडे जावई ही काय चीज आहे, ते वऱ्हाडात पोरगी दिल्याशिवाय समजत नाही. जावई म्हणाला आज मंगळवार, तर सासरा कॅलेंडर पाहत नाही. धोंड्याच्या महिन्यात त्याच्या ताटात अनारसे पडतात, त्याचे पाय धुतले जातात, आणि त्यानं चुकीच्या रस्त्यानं गाडी घातली तरी मागं बसलेले "इकूनच जवळ पडते" म्हणतात. गजेंद्र दुपारी मनोजच्या प्रोग्रामातली चूक काढायचा, आणि सणाला तोच मनोज गावी आला की त्याच्या हातावर तांब्यानं पाणी घालायचा. दोन्ही कामं त्यानं वर्षानुवर्षं बिनबोभाट केली. चूक दाखवायची तर "भाऊजी, इथं जरा पाहून घेता का" एवढंच. मनोज पाहून घ्यायचा. संसार चालला होता.

मग अमरावतीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचं काम आलं. मोठा दवाखाना अमरावतीत, आणि अचलपूर, मूर्तिजापूर अशा ठिकाणी त्यांच्या लहान शाखा. कुठं कॉम्प्युटरवर नोंदी, कुठं नुसते कागद. खेड्यातला माणूस दवाखान्यात गेला की कार्ड घरी विसरतो, आणि खिडकीवरची मुलगी नवीन कार्ड काढून देते. असं करता करता एकेक माणूस चार-चार माणसं होऊन बसलेला. जुनं दुखणं एका कार्डावर, औषधं दुसऱ्यावर. ट्रस्टला हवं होतं एक माणूस, एक नंबर. कुठल्याही शाखेत जा, डॉक्टरसमोर तुमची सगळी हकीकत हजर. काम पुण्याईचं होतं, खरंच पुण्याईचं, आणि मनोज त्यात जीव ओतून बसला.

एवढ्या नोंदींतून एकाच माणसाच्या नोंदी ओळखायच्या कशा? मनोजनं नियम बसवला. नाव-आडनाव तेच, गाव तेच आणि जन्मतारीख तीच असली की माणूस एकच. नोंदी जोडून टाकायच्या, आणि दोन नोंदींत फरक असला तर शेवटची खरी धरायची. ऐकायला काय वाईट आहे? तपासायला म्हणून कॉम्प्युटरकडूनच हजारो खोटी माणसं तयार करून घेतली. नियम त्यांच्यावर चालवला, झकास चालला. ती माणसं कॉम्प्युटरनं बनवलेली. दर एकाचा जन्म वेगळ्या दिवशी. अशी माणसं आपल्याकडे कुठं जन्माला येतात?

गजेंद्रला त्या बनावट नावांचा कंटाळा आला होता, बाकी काही नाही. म्हणून एका दुपारी त्यानं आपल्याच गावातली माणसं भरायला घेतली. तोंडपाठ होती सगळी. बापापासून सुरुवात केली. जानराव, जन्म एक जून. शेजारचे नत्थुजी, जन्म एक जून. पाच-सात नावं झाली आणि त्याचे हात कीबोर्डवरच थांबले.

वऱ्हाडात जुन्या माणसांना जन्मतारीख विचारा, अर्धी दुनिया एक जूनला जन्मलेली निघेल. कारण सगळ्यांना माहीत आहे. पोराला शाळेत घालायला बाप आला की गुरुजी विचारत, जन्म कधीचा? बाप सांगे, पोळ्याच्या मागंपुढं, किंवा नदीला मोठा पूर आला त्या साली. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी समजायची, आणि तारीख टाकायची एक जून. गजेंद्रच्या गावात पुंजाजी मास्तरांनी अख्खी पिढी अशी एका दिवशी जन्माला घातली होती. तीच तारीख पुढं आधारकार्डावर गेली, तीच दवाखान्यात. मनोजच्या वडिलांचीसुद्धा एक जूनच. ठाऊक सगळ्यांना होतं, घरोघरी त्यावर विनोद व्हायचे, आणि प्रोग्राम लिहिताना एकालाही आठवलं नाही.

गजेंद्रच्या भावकीत दोन महादेवराव गावंडे होते. एकाच साली शाळेत गेलेले, म्हणजे तारीखही तीच, सालही तेच. गावात अडचण नव्हती, एकाच्या दारात आंबा म्हणून ते आंब्याचे महादेवराव, आणि दुसरे खालच्या आळीचे. पण दवाखान्याच्या खिडकीवर कोण आंबा सांगत बसतो? आंब्याच्या महादेवरावांना पेनिसिलिन चालत नसे. एकदा सुई घेतली आणि तोंड सुजून श्वास कोंडला, अकोल्याला नेईपर्यंत बायकोनं कुंकवाची आशा सोडली होती. खालच्या आळीच्यांना खोकल्याशिवाय काही ठाऊक नाही. गजेंद्रनं दोघांना भरलं आणि नियम चालवला. पडद्यावर एकच महादेवराव उरले. कोणतं औषध चालत नाही, या रकान्यात शेवटची नोंद खरी धरून लिहिलेलं होतं, 'काही नाही'.

तो उठून मनोजच्या टेबलाशी गेला. "भाऊजी, हे जरा पाहून घेता का."

मनोजनं पाहिलं आणि तो हसला. "अरे हो, एक जून! काय डोकं चाललं तुझं." मग डोळे चोळत म्हणाला, "किती निघतील असे? हजारात दोन-चार. चालू तर होऊ दे, मग एकेक सोडवू."

"मंग नाही सोडवता येत नं, भाऊजी. दोघायचा एक केल्यावर कोनती नोंद कोनाची, हे कोन सांगीन?"

"जुना डेटा जपून ठेवलाय. बिघडलं तर मागे फिरू."

"प्रोग्राम मागे फिरंल. सुई टोचून झाली असली तं ते कशी मागे फिरंल?"

मनोजला हे कळलं नाही असं समजू नका. पण ट्रस्टच्या वर्धापनदिनाला उद्घाटन ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, ऑफिसातली सगळी पोरं रात्रंदिवस राबून पार पिचली होती. आणि हा नियम सगळ्या कामाच्या मुळाशी होता. तो उकरायचा म्हणजे महिना-दीड महिना मागं. "शब्द दिलाय मी त्यांना," तो म्हणाला, आणि पडद्याकडे वळला.

गजेंद्रनं टेस्टरचा 'हो' दिला नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर तो 'हो' मनोजनं मालक म्हणून स्वतःच देऊन टाकला होता. त्याच संध्याकाळी गजेंद्र गावाकडं जायला रोजची मूर्तिजापूरची गाडी गाठायला निघाला, तर जिन्याखाली साधना उभी. चहाचा कप त्याच्या हातात देत म्हणाली, "गजू, एवढ्या टायमाले त्यायचं ऐक नं रे. लय थकले ते. जेवन जात नाही त्यायले. तू 'हो' म्हनशीन तं त्यायच्या जिवाले थंडावा भेटंल."

"ताई, तुले मालूम आहे का काय आहे ते?"

"मले काय समजते त्यातलं? मी तुले आजपर्यंत काही मांगितलं?"

नव्हतं मागितलं. तोच तर घोळ होता. गजेंद्रनं चहा तसाच ठेवला आणि स्टेशनची वाट धरली. गाडीत बसून त्यानं ठरवलं, गप्प राहायचं. आपण लिहून दिलं, आपलं काम झालं, पुढचं मालक पाहून घेईल. खरंच ठरवलं होतं त्यानं.

उद्घाटनाच्या आधी ट्रस्टच्या लोकांना सगळं दाखवायचं होतं, अमरावतीला. मनोजनं त्याला सोबत नेलं, कारण पडदा, वायरी वगैरे लावून द्यायला कोणी पाहिजे. ट्रस्टचे अध्यक्ष खुशालराव, म्हातारा भला माणूस, सोबत दोन-तीन डॉक्टर. मनोजनं सुंदर दाखवलं. अचलपूरच्या एका म्हातारीच्या चार नोंदी एका क्षणात एक झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. खुशालरावांनी उठता उठता, पाहुण्याला पाणी विचारावं तसं गजेंद्रला विचारलं, "काय बाबू, तपासून झालं नं सगळं?"

'हो जी' एवढंच म्हणायचं होतं. मनोज वायर गुंडाळत होता. गजेंद्रच्या डोळ्यांपुढं बहीण आली, तिचा तो कप आला. आणि त्याच्याच तोंडून त्याला ऐकू आलं, "नाही जी. हे चालू नका करू. चालू केलं तं कोनाचा तरी जीव जाईन."

आता हेच जरा वळणानं सांगता आलं असतं. 'एक किरकोळ शंका आहे, थोडा अवधी द्या' असं म्हणता आलं असतं. पण वऱ्हाडी माणूस खरं बोलायला लागला की धोंडाच टाकतो, त्याला काय करणार! खुशालरावांनी खुर्ची ओढली. काय, कसं, सगळं विचारलं. गजेंद्रनं एक जून सांगितला, दोन महादेवराव सांगितले. एका डॉक्टरनं विचारलं, "हा नियम केला कोणी?" आणि या भल्या माणसानं तेही सांगितलं, "भाऊजींनी." मनोजचा चेहरा पांढरा पडला. उद्घाटन पुढं ढकललं गेलं.

परतताना मूर्तिजापूरच्या फाट्यावर मनोजनं गाडी उभी केली. "उतर," तो म्हणाला. गजेंद्र उतरला. मनोज समोरच्या काचेकडे पाहत होता. "तू बरोबर आहेस की चूक, ते मी बोलत नाही. ते मलाही कळतं. पण चार लोकांत बोललास. माझ्या ऑफिसात, माझ्या घरात, रागानं वाटेल ते बोलला असतास तर ऐकून घेतलं असतं. उद्यापासून येऊ नको."

घरी जानरावांनी अंगण डोक्यावर घेतलं. "जवायाचा अपमान! चार लोकायत! ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्याच तोंडाले काळं फासलं? पोरगी दिली आपन त्यायच्या घरी, पोरगी! आताच्या आता जा, अन् पाय धर त्यायचे."

"धरतो," गजेंद्र म्हणाला. "चार लोकायत बोललो, त्याची माफी मांगतो. बोललो, त्याची नाही मांगत."

"म्हंजे काय बे?"

बापाला त्यातला फरक कळला नाही. मनोजलाही तो गजेंद्रच्या तोंडून ऐकायचा नव्हता. गजेंद्र अकोल्याला गेला, तर दारातूनच निरोप आला की साहेब कामात आहेत. साधना खिडकीत उभी होती. तिनं पाहिलं, आणि पडदा ओढला.

त्या सालची राखी आली नाही. महालक्ष्म्यांना तिनं माहेरी पाऊल टाकलं नाही. दसरा झाला. पार्वताबाई गावातल्या बायकांना सांगायची, पोरीच्या सासरी काम लय आहे, आणि सांगून झालं की चुलीपुढं पदरानं डोळे पुसायची. ती गजेंद्रला टाकून बोलली नाही, हेच त्याला जास्त लागायचं. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याला अमरावतीत एका ठिकाणी काम मिळालं, पद कमी, काम तेच. मनोजच्या ऑफिसातली आरती, त्याच्यासोबत बरीच वर्षं काम केलेली, तिनं एकदा फोन करून सांगितलं की दवाखान्याचं काम चालू झालं. मनोजनं नियम उकरून नवीन लिहिला. आता मशीन आपल्या मनानं कोणालाच जोडत नाही. दोन माणसं सारखी वाटली की थांबते आणि खिडकीवरच्या मुलीला सांगते, विचारून घे. वडिलांचं नाव काय, घरात आणखी कोण, गावात तुम्हाला काय म्हणतात. तिनं विचारून खात्री केली की मगच. "छान लिहिलंय सरांनी," आरती म्हणाली. गजेंद्रनं फोन ठेवला तो आनंदातच. त्या आनंदात वाटेकरी मात्र कोणी नव्हता.

आणि आनंद टिकतो कुठं? चार दिवसांनी मनात किडा शिरला. खरंच कोणी मेलं असतं का? सुई द्यायच्या आधी नर्स विचारतेच की. डॉक्टर विचारतो. महादेवराव काय मुके आहेत? कदाचित काहीच झालं नसतं. मनोज म्हणाला तसे दोन-चार निघाले असते, निस्तरले असते, आणि आज बहीण आईच्या चुलीपुढं बसून करंज्या तळत असती. झालेल्या अपघाताचा पंचनामा होतो. न झालेल्याचा कोण करतो? त्याच्या धंद्याचं हेच दुखणं. मोडलं तर दिसतं. नाही मोडलं तर तू कशाला होतास मध्ये, असं विचारायला सगळे मोकळे.

दिवाळी आली. पाडव्याच्या दिवशी पार्वताबाई त्याच्याजवळ येऊन बसली. "गजू, भाऊबीजेले भाऊच जातो बहिनीच्या दारी. ते नाही आली, तं तू जा. हाकललं तं हाकललं. भाऊ आला होता, एवढं तं तिच्या मनाले राहीन." त्यानं हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात दार साधनानंच उघडलं. चेहरा उतरलेला, पण डोक्यावरून पदर, नवी साडी. मागं पाटाभोवती रांगोळी काढलेली, ताटात निरांजन, सुपारी, सगळं तयार. ती वाट पाहत होती की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक. आतल्या खोलीच्या दारातून खुर्चीत बसलेल्या मनोजची पाठ दिसत होती. गजेंद्र आत आला आणि पाटाकडे न जाता उभाच राहिला.

साधनानं ताट उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. इतके महिने आवळून धरलेलं तिच्या तोंडून बाहेर आलं. "आधी मले एक सांग. ज्याच्यासाठी तू माह्या मालकाची इज्जत चार लोकायत मातीत घातली, ज्याच्यासाठी माहं माहेर तुटलं, तो मानूस दाखव मले. कोन आहे तो? नाव सांग. कुठं राह्यते? त्याच्या पाया पडून येते मी, आन् मंग तुले ओवाळते. दाखव!"

काय सांगणार होता गजेंद्र? गावातल्या महादेवरावांचं नाव सांगावं, तर ते ठणठणीत. त्यांना तर हे काही माहीतही नाही. "ताई," तो म्हणाला, "नाही दाखवता येत." आणि त्याला रडू फुटलं, बाप्या माणसाला, बहिणीच्या घरात, सणाच्या दिवशी.

"पाह्य! नाही नं दाखवता येत?" साधनाही रडत होती. "कोनीच नाही असा. माह्या पोटच्या लेकरासारखा वाढवला तुले, आन् जो कोनीच नाही त्याच्यासाठी तू..."

"साधना." आतून मनोजचा आवाज आला. तो उठून दारात आला होता, चष्मा हातात. तो गजेंद्रकडे पाहत नव्हता, बायकोकडे पाहत होता. "त्याला नको विचारू. तो माणूस मलाही दाखवता येत नाही." तो थांबला. "दाखवता आला असता, तर मी आज त्याच्या बायकोसमोर मान खाली घालून बसलो असतो. इथं तुझ्या घरात नसतो बसलो."

साधना नवऱ्याकडे पाहत राहिली. त्या घरात ही गोष्ट आजवर बोलली गेली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मग मनोज गजेंद्रकडे वळला. "माफ नाही केलं मी तुला. ते जमत नाही मला, खोटं काहून बोलू? त्या खोलीतले चेहरे अजून दिसतात." पुण्याची भाषा त्याच्या तोंडून गळून पडली होती. "पन बस पाटावर. ओवाळू दे तिले."

गजेंद्र पाटावर बसला. साधनानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. ओवाळताना ताट तिच्या हातून कललं, तसं मनोजनं पुढं होऊन ताटाची दुसरी बाजू धरली, आणि ओवाळून झाल्यावर लगेच सोडून दिली.

तिनं आईला फोन लावला. "आई, गजू आला व. ओवाळलं मी. उद्या येते मी, त्याच्यासंगच येते." पलीकडून पार्वताबाई काही विचारत होती. आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. "आन् जवाईबापू? जवाईबापू येतात नं माय?"

साधनानं फोन कानाशी तसाच धरून नवऱ्याकडे पाहिलं. गजेंद्रनंही पाहिलं. मनोज चष्म्याची काच सदऱ्याला पुसत राहिला.

"नाही," साधना फोनमध्ये म्हणाली. "मी येते, आई. मी अन् गजूच."